स्वप्न कोणाचे?

काव्यनिर्मितीची प्रक्रिया शिकवताना कोलरिजचा उल्लेख टळत नाही. ‘कुब्ला खान’ १८१६ साली प्रसिद्ध करताना ती औषधाच्या गुंगीत, झोपेत सुचल्याचे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आणि समीक्षेला कायमचा एक प्रश्न दिला : ही निर्मिती कवीची की अफूची?

हा प्रश्न मला वर्गातील चर्चेपुरताच वाटत असे. आमच्या वृद्ध आत्यांच्या विस्मरणावर डोनेपेझिल सुरू झाले आणि तो घरात आला. एरवी मितभाषी असलेल्या आत्या रोज सकाळी माहेरच्या वाड्याची स्वप्ने बारीकसारीक तपशिलांसह सांगू लागल्या. कधी दचकून उठतही. डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी द्यायला सांगितली, स्वप्ने ओसरली. मला मात्र चुटपुट लागली. आपण त्यांचा त्रास थांबवला, की त्यांचे काही हिरावून घेतले?

मेंदूतील असिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, हे औषध अडवते. ते रसायन अधिक काळ टिकते आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची, स्वप्नबहुल निद्रा वाढते. हे केवळ आजारी मेंदूतच घडते असे नाही. स्टीफन लाबर्ज व सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वप्नांविषयी कुतूहल असलेल्या १२१ जणांनी याच गटातील गॅलँटामाइन घेतले. ‘आपण स्वप्नात आहोत’ हे भान औषधहीन गोळीच्या रात्री १४ टक्के जणांना आले. ४ मिलिग्रॅमला २७, तर ८ मिलिग्रॅमला ४२ टक्के.

आकडे बोलके आहेत, पण त्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. सर्वाधिक मात्रेलाही निम्म्याहून अधिक जणांना ते भान आले नाही. शिवाय, सर्वांनी मध्यरात्री उठून, काही वेळ जागून, मनाशी संकल्प करण्याचा सरावही केला होता. गोळीसोबत माणसाचा प्रयत्न होताच.

स्वप्न म्हणजे मनाचे आरोग्य, हे रोमँटिक समीकरणही टिकत नाही. मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोखणारे फेनेल्झिन नैराश्य कमी करते. मात्र स्वप्नबहुल निद्रा जवळजवळ नाहीशी करते. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित झाले; ते औषधही याच विकराला रोखणारे होते.

म्हणून ‘कवीची की अफूची’ हा प्रश्नच मला सदोष वाटतो. रसायन दार उघडते किंवा लावते. आतला वाडा ज्याचा त्याचा असतो. तीच गोळी मी घेतली असती, तर मला आत्यांचे परसदार दिसले नसते. अर्थात, प्रतिभेच्या लोभाने कोणी विद्यार्थ्याने ही औषधे घेऊ नयेत : मळमळ होते, हृदयाची गतीही मंदावू शकते.

आत्या आता शांत झोपतात. वाड्याविषयी मीच त्यांना विचारतो. आठवेल तेवढे त्या सांगतात.