ग्रंथपालाला पदवी कशाला ?

परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघर वडील मंडळींची बैठक भरते व मुलांच्या पुढील शिक्षणाचा विचार सुरू होतो. वैद्यक, स्थापत्य, वकिली, संगणक हीं नांवें क्रमानें निघतात. अशा वेळीं घरांतील मुलीनें "मला ग्रंथालयशास्त्र शिकावयाचें आहे" असें म्हटलें, तर क्षणभर कोणीच बोलत नाहीं, मग एखादे काका विचारतात, "कपाटांतून पुस्तक काढून देण्याला पदवी कशाला?" काकांचा प्रश्न टाकाऊ नव्हे. ज्या विद्येवर मुलीचीं दोन वर्षें व घराचा पैसा खर्च व्हावयाचा, तिच्यांत शिकण्यासारखें काय आहे हें कळलेंच पाहिजे. म्हणून या महिन्यांत आम्ही तोच प्रश्न विचारास घेतों.

ही विद्या अगदीं कालची नाहीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत मेल्व्हिल ड्यूई यांनीं १८८७ सालीं ग्रंथपालांची शाळा उघडली. पहिल्या वर्गांतील वीस विद्यार्थ्यांपैकीं सतरा स्त्रिया होत्या. स्त्रियांचा हा प्रवेश विश्वस्तांस रुचला नाहीं, आणि दोनच वर्षांत शाळेला ऑल्बनीस बिऱ्हाड हलवावें लागलें. आपल्याकडे सयाजीराव गायकवाड महाराजांनीं अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस बोलावून १९११ सालीं बडोद्यास वर्ग सुरू करविला. खेड्यापाड्यांत ग्रंथालयें काढावयाचीं तर तीं चालविणारीं माणसें आधीं तयार हवींत, हें त्या राजानें ओळखलें होतें. लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत १९१५ सालीं, तर मद्रासेस १९२९ सालीं वर्ग निघाले.

मद्रासचें नांव निघालें कीं शियाळी रामामृत रंगनाथन् यांचें स्मरण होतेंच. हे गृहस्थ गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं त्यांस मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाची जागा मिळाली, तेव्हां थोड्याच दिवसांत ते इतके कंटाळले कीं आपल्या जुन्या कॉलेजाकडे परत घेण्याची विनवणी करूं लागले. काकांचें जें मत, तेंच त्या वेळीं त्यांचेंही होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण लंडनला जाऊन त्यांनीं हें शास्त्र शिकून घेतलें, अनेक ग्रंथालयें हिंडून पाहिलीं, आणि मग सारा जन्म त्यांतच घालविला. पुढें १९५६ च्या सुमारास आपल्या सांठविलेल्या धनांतून एक लक्ष रुपये त्यांनीं या विषयाच्या अध्यापनासाठीं मद्रास विद्यापीठास दिले.

असें त्यांत आहे तरी काय ? आमच्या भगिनींस तें फडताळाच्या दृष्टान्तानें सहज कळेल. मिठातिखटाचे डबे हाताशीं, सणावाराचीं भांडीं माळ्यावर, ही व्यवस्था प्रत्येक चांगली गृहिणी लावते. परंतु ती व्यवस्था तिच्या एकटीच्याच डोक्यांत असेल, तर ती चार दिवस माहेरीं गेली कीं सारें घर अडून बसतें. लाख पुस्तकांच्या घरांत असें अडून चालत नाहीं. कोणीही नवखा माणूस आला तरी त्याला आपल्या हातानें वस्तु सांपडावी, असे सर्वमान्य नियम तेथें लागतात. ते नियम म्हणजेच वर्गीकरण व तालिका.

ड्यूई यांनीं १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून त्यांस आंकडे दिले. पद्धत सोयीची, पण घर बांधणाऱ्यानें आपल्याच मंडळींस मोठ्या खोल्या दिल्या. धर्माच्या वर्गांत बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मास, आणि हिंदु, बौद्ध, जैन, शीख हे सारे २९४ या एका खोलींत. इंग्रजी वाङ्मयास ८२० पासून दहा आंकडे, तर मराठीस ८९१.४६ हा कोपरा. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत आधींच खोल्या न बांधतां विषयाचे पदर वेगळे केले. कोंकणांतील भातावरील किडीचें पुस्तक असेल, तर पीक, रोग व स्थळ यांच्या खुणा घेऊन त्या जोडावयाच्या. कोणतें ज्ञान कोठें बसवावें, हा प्रश्न असा तर्काचा व न्यायाचाही आहे.

तालिकेचेंही तसेंच. 'एकच प्याला' गडकऱ्यांचें आणि 'वाग्वैजयंती' गोविंदाग्रजांची. दोघे एकच, हें तालिकेनें सांगितलें नाहीं तर नवखा वाचक एकाच लेखकाचे दोन करील. स्त्रियांच्या बाबतींत तर ही अडचण फारच मोठी. माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर आणि १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर या तिन्ही एकच होत. लग्नानें नांव बदललें म्हणून बाईचें कर्तृत्व दोन ठिकाणीं विखुरूं नये, याची काळजी तालिका करणारा घेतो.

कोणी म्हणेल, आतां हातांतील यंत्रास प्रश्न विचारला कीं क्षणांत उत्तर मिळतें, मग ग्रंथपाल हवा कशाला ? आमच्या मतें म्हणूनच हवा. उत्तरें थोडीं होतीं तेव्हां तीं शोधणें हें काम होतें. आतां उत्तरांचा ढीग पडला आहे, आणि त्यांतलें विश्वासाचें कोणतें हें पारखणें अधिक कठीण झालें आहे. विद्यापीठांतून या विषयाच्या नांवाला 'माहितीशास्त्र' हें पद जोडलें गेलें, त्याचा अर्थ हाच.

आतां उत्पन्नाविषयीं. पदवीनंतर साधारणपणें एक वर्षाचा बी. लिब. व त्यापुढें एक वर्षाचा एम. लिब. असा क्रम असतो; महाविद्यालयांतील जागेसाठीं त्यावर नेट किंवा सेट सामान्यतः लागते. अशा जागा मोजक्या असतात. महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांस अनुदान मिळूं लागलें खरें, पण लहान गांवच्या ग्रंथालयांतील मानधन आजही संसार चालेल इतकें नसतें. हें लपवून मुलांस या वाटेस लावणें बरें नव्हे.

तेव्हां काकांस आमचें सांगणें इतकेंच. 'यांत मिळणार किती ?' हें अवश्य विचारावें. 'यांत शिकण्यासारखें काय?' हें मात्र यापुढें विचारूं नये. मुलीस पुस्तकांची नुसती आवड असेल, तर ती घरीं बसूनही भागेल. पण दुसऱ्यास हवें तें शोधून देण्यांत तिला आनंद वाटत असेल, कामांत नीटनेटकेपणा असेल आणि आलेल्या माणसाशीं चार शब्द गोड बोलण्याचा स्वभाव असेल, तर तिला अडवूं नये. घरांत वडिलांनीं जमविलेल्या ग्रंथांचें कपाट असेल, तर त्याची यादी करण्याचें काम या सुटींत तिच्याकडे सोंपवावें. ती महिनाभर त्यांत रमली कीं कंटाळली, हें पाहून पुढचा निर्णय करावा. बैठकींतील वादापेक्षां ही परीक्षा अधिक खरी ठरेल.