गर्दी बघून पंखा फिरवा!

मे महिन्यातलं लग्न आठवा. मंगल कार्यालयात हजारभर वऱ्हाडी, चारी बाजूंनी जंबो कूलर घोंघावताहेत आणि तरीही नवरदेवापासून वाढप्यांपर्यंत सगळे घामाघूम. संध्याकाळी पाठवणी होते, हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं उरतात. कूलर मात्र तेवढ्याच जोरात! धाराशिव, तुळजापूर, उमरगा... कुठंही जा, हेच चित्र.

दोस्तांनो, हिशेब साधा आहे. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार माणसं म्हणजे १०० किलोवॅट. नुसती तेवढी काढायलाच दीड टनाचे जवळपास १९ एसी लागतील. म्हणजे हॉलमधली मोठी भट्टी आपणच!

मग एवढे कूलर का हरतात? कारण दारं-खिडक्या बंद. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली, गार करून आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाटच नसेल, तर उरते ती चिकचिक. म्हणून गार हवा एका बाजूनं, खालून आत यावी आणि तापलेली हवा समोरच्या भिंतीतून, वरून बाहेर जावी. माळवदाच्या घरात छताला झरोका असायचा, तो काय उगाच?

दुसरा मुद्दा बिलाचा. हवा खेचणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते. वेग निम्मा केला, तर जेमतेम आठवा हिस्सा. मोटरचा वेग असा कमी-जास्त करणारं यंत्र म्हणजे व्हीएफडी. त्याला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर जोडला, की गर्दीप्रमाणे पंखे आपोआप हळू-जोरात होतात. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. हजाराच्या वर गेला की हवा कोंदट झाली समजा. बंद अभ्यासिकेत दुपारी डोळे मिटतात, तेव्हा दर वेळी दोष आळसाचाच नसतो!

हे काम आयटीआयत वायरमनचा ट्रेड केलेल्या आपल्याच पोरांना शिकून करता येईल. पण आधी मागणी व्हायला हवी. हॉल बुक करताना आपण ताटाचा दर विचारतो. आता आणखी दोन प्रश्न विचारा : गरम हवा कुठून बाहेर जाते? आणि माणसं कमी झाली की पंखे हळू होतात का? नाहीतर त्या घोंघाटाचं बिल शेवटी वधूपित्याच्याच खिशातून जाणार.