स्वस्त मोटर ड्रायव्हर: रोबो नेमका कुठे हरतो?

स्पर्धेत रोबो ऐनवेळी अडकला की टीमचा आरोप ठरलेला असतो: ‘ड्रायव्हर चायनीज होता!’ नाशिक रोडला प्रोजेक्ट दाखवायला येणाऱ्या मुलांकडून मी हे नेहमी ऐकतो. पण हे अर्धंच खरं आहे.

आधी मुद्दा समजून घ्या. नेहमीची स्टेपर मोटर एका फेरीचे २०० टप्पे करते, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. कंट्रोलर फक्त ‘पुढे चल’ सांगतो; कॉइलमध्ये किती करंट सोडायचा ते ड्रायव्हर बघतो. गोची अशी की टप्पा हुकला तरी कंट्रोलरला कळत नाही. मायक्रोमाउसच्या १६ बाय १६ चौकोनांच्या चक्रव्यूहात रोबो स्वतःला एका चौकोनात समजतो आणि असतो भलतीकडेच.

शंभर-सव्वाशे रुपयांना मिळणाऱ्या ए४९८८ बोर्डवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून करंटची मर्यादा ठरते. सूत्र सोपं आहे: व्होल्टेज = ८ × करंट × रेझिस्टर. रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट लागतात. पण काही बोर्डांवर तोच ०.०५ ओहमचा असतो. व्हिडिओ बघून तिथेही ०.८ व्होल्ट ठेवले, तर मर्यादा थेट २ अँपिअर! करंट दुप्पट म्हणजे उष्णता जवळपास चौपट. चिप तापते, स्वतःला वाचवायला बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. मधले टप्पे मात्र गेलेच.

म्हणजे दोष बऱ्याचदा चिपचा नसतो, न मोजलेल्या बोर्डचा असतो. म्हणूनच मला सप्टेंबर २०२४ मधली बातमी आठवते. टाटा समूह आणि अ‍ॅनालॉग डिव्हायसेस यांनी भारतात चिप बनवण्याची शक्यता तपासायचा सामंजस्य करार केला. धोलेरा आणि आसामचे प्रकल्प त्यात आहेत. थ्रीडी प्रिंटरवाल्यांची लाडकी टीएमसी२२०९ चिप आज याच कंपनीकडे आहे. बातमी चांगलीच आहे. पण उद्या चिप भारतात बनली, तरी बोर्डवर कोणता रेझिस्टर लावलाय हे विक्रेत्याने लिहिलं नाही, तर रोबो तसाच अडकणार. आपण ग्राहक म्हणून आधी ती माहिती मागायला हवी.

तोवर काय कराल? रेझिस्टरवरचा आकडा वाचा: आर१०० म्हणजे ०.१, आर०५० म्हणजे ०.०५. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. हीटसिंक नसेल तर १ अँपिअरच्या पुढे जाऊ नका. मोटरच्या सप्लायवर, बोर्डच्या अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका.

रोबोकॉनसारख्या स्पर्धेतला जड रोबो पळवायचा असेल, तर चाकांना एन्कोडरवाली गिअर मोटर घ्या. स्टेपर हलक्या, मोजून करायच्या कामासाठी ठेवा. महागडा ड्रायव्हर घ्यायला बजेट लागतं. मोजायला दहा मिनिटं पुरतात.