नाइट किती घेता?

हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "याला चारच तारा का?" दोन, "मग खरी गिटार कधी शिकणार?" आणि तीन (हा कार्यक्रम संपल्यावर, बहुतेक वेळा सख्ख्या नातेवाइकांकडून), "तू वाजवत होतास का? आम्हाला ऐकूच आलं नाही." या तिन्हींची उत्तरं मला पाठ आहेत. चौथा प्रश्न मात्र आजवर एकदाच विचारला गेला आणि तेव्हा माझी जी तंतरली ती अजून विसरलो नाहीये. प्रश्न होता, "नाइट किती घेता?"

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही पाच जण. चौघं आयटीवाले, एक सीए. सोमवार ते शुक्रवार हापिस, विकांताला बँड. स्वतःची गाणी नाहीत, सगळी दुसऱ्यांची. थोडं क्लासिक रॉक, थोडा पंचम, थोडा रहमान. पुण्यात बाणेर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क या पट्ट्यात जिथे म्हणून कोपऱ्यात ड्रमकिट मावतं तिथे आम्ही वाजवायचो आणि पहिली दोन वर्षं फुकट वाजवायचो. अगदीच फुकट नाही हो, माणशी दोन बिअर आणि स्टार्टर्सवर सूट! आमच्या यादीत पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) होतं. बेसवाल्यांचं लाडकं गाणं, सात मात्रांचं आवर्तन, आपल्या रूपकासारखं. ते बसवायला मला तीन आठवडे लागले होते. पैशावरचं गाणं आपण चकटफू वाजवतोय यातला विनोद लक्षात यायला दोन वर्षं लागली.

तर झालं असं. एका रूफटॉप पबमध्ये आमचा शुक्रवार लागला होता. तिथे कोपऱ्यात एक बेस ॲम्प कायम पडलेला असायचा. जुना, जाळीला ठिगळ लावलेला, पण आवाज असा की पोटात जाणवायचा. आम्ही समजलो पबचाच आहे. तीन शुक्रवार मी बिनदिक्कत त्यात केबल खुपसून वाजवलं. चौथ्या शुक्रवारी साउंडचेक चालू असताना पन्नाशीचे एक गृहस्थ आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ॲम्प माझा आहे. न्यायला आलो होतो."

मी ओशाळलो. केबल काढायला लागलो तर तेच म्हणाले, "राहू द्या, वाजवा. झालं की नेतो." आणि खरंच थांबले. उघड्यावर असल्यामुळे दहाला आवाज बंद करावा लागतो (२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची कृपा), तोपर्यंत खाली टपरीवर बसून होते. दहाला वर आले. मी ॲम्पची एक बाजू धरली. चांगला पंचवीस-तीस किलोचा ऐवज. जिन्यात बोलणं झालं. पूर्वी ऑर्केस्ट्रात होते, गणेशोत्सव, नवरात्र, लग्नं सगळं केलेलं. इथे दर शुक्रवारी चौघं वाजवायचे. मग मालक म्हणाला बजेट नाही, तिघांत करा, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवेल. म्हणजे गेले ते हेच. पुढे तिघांचंही बंद झालं.

"आता तुम्ही आलात," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. मग सहज, एका बेसवाल्याने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "नाइट किती देतात हल्ली?"

मी म्हणालो, "दादा, आम्ही हौशी आहोत. आम्ही काही घेत नाही."

"असं होय," एवढंच म्हणाले. रिक्षात ॲम्प घातला, स्वतः कडेला अंग चोरून बसले आणि गेले.

मंडळी, मी त्या माणसाच्या जागेवर, त्याच्याच ॲम्पमधून, फुकटात वाजवत होतो!

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय आणि ते बँडवाल्या मित्रांना आवडत नाही. ज्या ठिकाणी गल्ला चालू आहे तिथे पगारदार माणसाने फुकट वाजवू नये. हौसेला माझा विरोध नाही. सोसायटीच्या गणपतीत वाजवा, मित्राच्या लग्नात वाजवा, गच्चीवर वाजवा, देणगीसाठीच्या कार्यक्रमात वाजवा. पण जिथे दारावर कव्हर चार्ज आहे, बिअर दुप्पट भावाने विकली जातेय आणि "लाइव्ह म्युझिक" असा बोर्ड लावून गिऱ्हाईक वर आणलं जातंय, तिथे फुकट वाजवणं ही हौस नाही. ते दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं आहे.

अतिशयोक्ती वाटते? माझा हिशोब सांगतो. एका गिगसाठी दोन-दोन तासांच्या दोन तालमी, जॅमरूमचे तासाला ५००, म्हणजे २०००. सामान न्यायला-आणायला गाडी, ९००. एकूण २९००, भागिले पाच, म्हणजे माणशी ५८० रुपये. माझ्या पगारात ५८० रुपये कुठे गेले ते महिनाअखेरीला कळतही नाही. म्हणजे मी दर शुक्रवारी पबवाल्याला माझ्या पगारातून ५८० रुपयांचं अनुदान देत होतो आणि वर त्याचेच आभार मानत होतो, "सर, संधी दिल्याबद्दल थँक्यू". ज्याचं घर वाजवण्यावर चालतं तो या अनुदानाशी कसा स्पर्धा करणार? त्याने काय उणे भाव सांगायचा?

आणि दर पडायला लागले की पहिला बळी कोण, हे बेसवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! गायक काढता येत नाही, तो दिसतो. ड्रमर दिसतो आणि ऐकूही येतो. गिटारवाला सोलो मारतो. उरतो मागे उभा राहून माना डोलावणारा. त्याची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्‌झची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर येतच नाही, त्यामुळे काढलेल्या व्हिडिओत तो जवळजवळ नसतोच. मालकाला वाटतं, याला कशाला पैसे द्यायचे, लॅपटॉपवर ट्रॅक लावा. चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक गायक आणि पेनड्राइव्ह, असा तो उतरता जिना आहे. बेस गेला की लोकांना काय गेलं ते सांगता येत नाही, फक्त नाचणारे पाय हळूहळू खुर्चीत जाऊन बसतात. मग मालक म्हणतो, लाइव्ह म्युझिक चालत नाही राव, डीजे आणू.

ही गोष्ट नवीनही नाही. जेम्स जेमरसन हे नाव बेस वाजवणाऱ्यांना देवासारखं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कित्येक हिट गाण्यांचा बेस त्याचा, टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' (१९६४) धरून. पण त्या दशकातल्या मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावंच नसायची. मार्व्हिन गेच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती झळकली. १९८३ मध्ये जेमरसन ४७ व्या वर्षी गेला. त्याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवरचा माहितीपट आला २००२ मध्ये. आपल्याकडे तरी काय? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेसंगीताचा केवढा डोलारा उभा केला, पडद्यावर नाव मात्र संगीत दिग्दर्शकाचं. पण एक फरक आहे. त्यांना श्रेय मिळालं नाही तरी दिवसाचे पैसे मिळायचे. श्रेय नाही आणि पैसेही नाहीत, हा शोध आपला, सुशिक्षितांचा.

गंमत बघा. वाजवण्याच्या पैशासाठी मराठीत किती शब्द आहेत! बुवांना बिदागी. वक्त्याला मानधन. ऑर्केस्ट्रावाल्याला सुपारी मिळते आणि वादकाला नाइट. ही माणसंसुद्धा दुसऱ्यांचीच गाणी वाजवायची बरं का. ज्याला आपण इंग्रजीत झोकात कव्हर्स बँड म्हणतो तो आपल्याकडे ऑर्केस्ट्रा या नावाने कधीपासून आहे. त्यांच्यात "फुकट" हा शब्द शिवीसारखा होता. आपण आलो आणि पाचवा शब्द आणला, "एक्स्पोजर". अरे, मी बँकेत बसणाऱ्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करतो. मला एक्स्पोजर मिळवून काय करायचंय?

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"आपण काही तेवढे चांगले वाजवत नाही, पैसे कसे मागायचे?" मग पैसे मोजून आलेल्या गिऱ्हाइकासमोर उभं तरी कशाला राहायचं? आणखी चार तालमी करा. जे वाजवणं विकायच्या लायकीचं नाही ते फुकट दिल्याने चांगलं होत नाही.

"हा फ्री मार्केटचा जमाना आहे." वा! एखाद्या कंपनीने तुमचं प्रोजेक्ट शून्य रुपयांत कोट करून पळवलं तर कँटीनमध्ये केवढा गदारोळ कराल? तेव्हा त्याला मार्केट म्हणत नाही, भाव पाडणं म्हणतो. खर्च पगारातून भरायचा आणि माल शून्याला द्यायचा, यात मार्केट कुठे आलं?

"मालकाला परवडत नाही." त्याला कांदा परवडतो, बर्फ परवडतो, बाउन्सर परवडतो. ज्यांची गाणी आपण वाजवतो त्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कापोटी आयपीआरएसचा परवानाही घ्यावा लागतो. त्या लोकांनी भांडून २०१२ मध्ये कायदा बदलून घेतला आणि बरोबरच केलं. म्हणजे गाणं लिहिणाऱ्याचे पैसे, बर्फवाल्याचे पैसे, आणि फक्त स्टेजवर घाम गाळणारा फुकट?

"मला पैशाची गरजच नाही." उत्तम. घ्या आणि देऊन टाका. साउंडवाल्या पोराला द्या, एखाद्या शिकणाऱ्याला तारांचा सेट घेऊन द्या. पण घ्या. तुम्ही घेतलेल्या पैशाने तुमचं घर चालणार नाही, पण पुढच्या माणसाचा दर टिकेल.

हे सगळं मी बँडमध्ये मांडलं तेव्हा मोठं महाभारत झालं. ड्रमर म्हणाला, "तू एका काकांमुळे आमचे शुक्रवार घालवणार का?" शेवटी मतदान झालं, तीन विरुद्ध दोन. आम्ही तीन-चार वाजवणाऱ्यांना गाठून चालू नाइट किती ते विचारलं आणि त्याच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. परिणाम? महिन्याला दोन गिग व्हायच्या, गेल्या वर्षभरात तीन झाल्या. ड्रमर दुसऱ्या बँडमध्ये गेला, तिथे तो फुकट वाजवतो आणि मजेत आहे. आणि त्या रूफटॉपवर ते दादा परत आले का? नाही. तिथे आता डीजे आहे.

म्हणजे उपयोग काय झाला, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर त्या माणसाला काहीच नाही. जे पडलं ते माझ्या एकट्याच्या मागे सरण्याने उभं राहत नाही. पण म्हणूनच तर एवढं टंकलंय. शहरात आपल्यासारखे कितीतरी विकांत-बँड आहेत आणि भाव आपणच पाडलाय, मालकाने नाही. त्याने फक्त आपल्या होकाराची वाट पाहिली. उद्या सगळ्यांनी एकच आकडा सांगायचा ठरवलं तर काही ठिकाणी डीजे येईल हे कबूल. काही ठिकाणी चौथा माणूस परत स्टेजवर चढेल.

त्या तीन गिगमधल्या पहिलीचे माझ्या वाट्याला आलेले पैसे अजून पाकिटातच आहेत. दादांचा नंबर घ्यायचं त्या रात्री सुचलं नाही. तीन शुक्रवार त्यांचा ॲम्प वापरला त्याचं भाडं तरी द्यायला हवं ना. कधी भेटले तर देईन आणि यावेळी त्यांनी विचारलं तर सांगायला एक आकडा आहे.