विश्लेषण : सांडपाण्यातील मिथेनमधून कार्बन क्रेडिट कसे मिळते? पालिकांना त्याचा फायदा किती?

साखर कारखान्यांच्या आसवनींपासून महापालिकांच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रांपर्यंत, सांडपाण्यातून निघणारा मिथेन पकडून कार्बन क्रेडिट कमावता येते. भारताच्या स्वतःच्या कार्बन बाजारामुळे ही वाट देशातही खुली होत आहे. मात्र नुसता वायू पकडून भागत नाही. तो एरवी हवेत गेला असता, हे सिद्ध करावे लागते. खरी मेख तिथेच आहे.

मिथेन येतो कुठून?

सांडपाण्यातील सेंद्रिय घटक प्राणवायूविना कुजले की जिवाणू मिथेन तयार करतात. खोल उघडी तळी, तुंबलेले नाले आणि सेप्टिक टाक्या ही त्याची ठिकाणे. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो; २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक. बंदिस्त डायजेस्टरमध्ये गोळा केलेला वायू बॉयलर किंवा जनित्रात जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा कार्बन वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असल्याने तो नव्या उत्सर्जनात धरत नाहीत.

क्रेडिटचा हिशेब कसा?

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतके टळलेले उत्सर्जन. मळीपासून अल्कोहोल बनवताना उरणाऱ्या स्पेंटवॉशच्या हजार लिटरमध्ये सेंद्रिय भार, म्हणजे सीओडी, सुमारे १०० किलो असतो. त्यातील ६५ टक्के भार विघटित झाला तर साधारण १६ किलो मिथेन मिळतो. म्हणजेच ढोबळमानाने सव्वादोन हजार लिटरमागे एक क्रेडिट. शहरी मैलापाण्यात हाच भार हजार लिटरमागे अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे २०० पट विरळ असतो. त्यामुळे पालिकांना मुख्यतः प्रक्रियेनंतर उरणाऱ्या गाळातूनच वायू मिळवावा लागतो.

क्रेडिट नाकारले कधी जाते?

तुलना होते ती प्रकल्प नसता तर काय घडले असते, याच्याशी. स्पेंटवॉश उघड्या तळ्यात कुजत राहिला असता, तर क्रेडिट रास्त ठरते. पण मळीवर चालणाऱ्या आसवनींना शून्य द्रव विसर्गाची अट आहे आणि अनेक आसवनी स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात. जे कायद्याने करावेच लागते किंवा इंधन वाचत असल्याने कारखाना स्वतःहून करतोच, त्यासाठी क्रेडिट दिले तर कागदावर घट दिसते, हवेत नाही. उलट, कठोर नियम आधीच पाळणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि नियम टाळणाऱ्याची तुलनेची पातळी चढी राहते.

भारतीय बाजारात काय होणार?

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्या ऐच्छिक भागात कचरा व सांडपाण्यासारख्या क्षेत्रांनाही वाव आहे. अंमलबजावणी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, तर व्यवहारांचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे. क्योटो कराराखालील बाजाराचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. २००८ मध्ये २० युरोंवर गेलेले क्रेडिट २०१२ अखेरीस एका युरोखाली आले. मोजणी आणि पडताळणीचा खर्च मात्र भावासोबत उतरत नाही.

पालिकांनी किती आशा धरावी?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशाच्या शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. प्रत्यक्ष प्रक्रिया सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवरच होते. ही दरी क्रेडिटच्या पैशातून भरणार नाही. डायजेस्टर, गॅसटाकी आणि जनित्र यांचा काही खर्च त्यातून निघू शकेल, वाचलेली वीज हा त्याहून भरवशाचा लाभ. मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रांसाठी मात्र अर्थसंकल्पातच तरतूद करावी लागेल.