नाव एक, कार्ड दोन

वॉरंटीत दिलेले ग्राफिक्स कार्ड बदलून आले, पण त्यानंतर गेम पूर्वीसारखा चालेनासा झाला, अशी तक्रार करणारी पत्रे गेले काही महिने आमच्याकडे येत आहेत. लिहिणारे गिऱ्हाईक नाहीत, आपल्याच व्यवसायातले असेंबलर आहेत. सगळ्यांचे दुखणे सारखे: परत आलेल्या बॉक्सवर तेच नाव, तेवढेच जीबी, तीच कंपनी आणि आतले कार्ड मात्र खालच्या प्रतीचे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हुज्जत घातली की तिथला माणूस बिल पुढे सरकवतो. बिलावर ‘जीटी १०३० २ जीबी’ असे लिहिलेले असते आणि त्याने दिलेले कार्डही ‘जीटी १०३० २ जीबी’च असते. वाद तिथेच संपतो, कारण ते बिल आपणच फाडलेले असते. या पत्रांत कंपन्यांवर भरपूर राग आहे आणि तो रास्त आहे. पण आपण काय लिहून दिले होते, हा प्रश्न जवळजवळ कोणीच स्वतःला विचारलेला नाही, आणि या वेळी आम्हाला त्याबद्दलच बोलायचे आहे.

जीटी १०३० हे काही एकटेदुकटे प्रकरण नाही. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह आले तेव्हा बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी होती. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ लावलेले कार्ड आले आणि त्याची बँडविड्थ १६.८ जीबी, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. त्याआधी २०१४ मध्ये जीटी ७३० या एका नावाखाली ९६ कोअरची जुनी चिप आणि ३८४ कोअरची नवी चिप शेजारी शेजारी विकली गेली. जीटीएक्स १०६०च्या ३ जीबी कार्डात फक्त मेमरी कमी आहे असे आपण गिऱ्हाइकाला सांगत आलो. प्रत्यक्षात कोअरही १२८० वरून ११५२ वर आले होते. एएमडीचे आरएक्स ५६० हे १०२४ स्ट्रीम प्रोसेसरचे म्हणून आले आणि त्याच नावाने ८९६ चेही विकले जाऊ लागले. डिसेंबर २०१७ मध्ये ओरड झाल्यावर कंपनीने ते मान्य केले. आरटीएक्स ३०६०ची ८ जीबी आवृत्ती आली तेव्हा मेमरीची बस १९२ बिटांवरून १२८ वर गेली आणि बँडविड्थ ३६० वरून २४० वर. आरटीएक्स ३०५०चे ६ जीबी कार्ड २५६० ऐवजी २३०४ कोअरचे आणि ९६ बिट बसचे आहे. एका कंपनीची एका वर्षातली चूक म्हणून हे सोडून देता येत नाही. दोन्ही चिप कंपन्यांनी दहा-अकरा वर्षे चालवलेली ही रीत आहे: आधी चांगल्या कार्डावर नाव मिळवायचे, परीक्षणे छापून येऊ द्यायची आणि मग त्याच नावावर हलका माल उतरवायचा.

स्वस्त आवृत्ती काढणे वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ३०५०चे ६ जीबी कार्ड ७० वॉटमध्ये चालते, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. बँकेतून किंवा कंपनीतून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये, जिथे एसएमपीएसला सिक्स-पिनच नसते, तिथे हे कार्ड बसवून मुलाला फुल एचडीवर समाधानाने खेळता येते. १३० वॉटचे ८ जीबी कार्ड त्या डब्यात चालणारच नाही. म्हणजे दोन्ही कार्डांना आपापली जागा आहे. तक्रार आहे ती दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव देण्याबद्दल. आणि बाजाराने ठाम नकार दिला तर नाव बदलतेही. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर झाले: १६ जीबीत ९७२८ कोअर, १२ जीबीत ७६८०. जगभर इतका गदारोळ झाला की महिन्याच्या आत एनव्हिडियाने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले आणि जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय म्हणून आणले. चिप तीच राहिली, नाव खरे झाले. पण हा गदारोळ लाखभर रुपयांच्या आसपासच्या कार्डासाठी झाला. आपल्या गिऱ्हाइकाच्या पाच, दहा, वीस हजारांच्या कार्डासाठी परीक्षक ओरडत नाहीत. तिथे त्याच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे तुम्हीच.

जीबीच्या आकड्यावर कार्ड विकण्याची आपली सवय आता किती महाग पडते, याचे ताजे उदाहरण आरटीएक्स ५०६० टीआयचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेले हे कार्ड ८ आणि १६ जीबीत मिळते. कोअर सारखे, बस सारखी, मेमरीची बँडविड्थ दोन्हींची सेकंदाला ४४८ जीबी. त्यामुळे ‘फरक फक्त मेमरीचा, फुल एचडीला ८ पुरते’ हे वाक्य काउंटरवर सहज निघते. जिथे गेमला साडेसात जीबी लागतात तिथे ते खरे आहे. जिथे नऊ लागतात तिथे उरलेला माल स्लॉटमधून मुख्य रॅममध्ये ये-जा करू लागतो, आणि या कार्डाला स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन जोडलेल्या आहेत. गिऱ्हाइकाचा बोर्ड बी४५० असेल किंवा इंटेलचा प्रोसेसर दहाव्या पिढीपर्यंतचा असेल, तर तो स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस जनरेशन ३चा असतो. आठ लेनवर सेकंदाला साधारण ८ जीबी. म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या छप्पन्नाव्या हिश्श्याचा वेग. सरासरी फ्रेम रेट तेव्हाही बरा दिसतो, पण कॅमेरा वळवला की चित्र अडखळते, आणि खेळणाऱ्याला जाणवते ते हे अडखळणेच. यूट्यूबवरचा परीक्षक हे कार्ड नव्या कोऱ्या जनरेशन ५च्या बोर्डावर तपासतो. तुमचे गिऱ्हाईक ते सहा वर्षांच्या बोर्डात बसवते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीने हाच धडा आधी दिला होता. ४ जीबी मेमरी, ६४ बिट बस आणि चारच लेन, त्यामुळे जुन्या बोर्डात ते लंगडे पडले. तरी अपग्रेडला आलेल्या माणसाचा बोर्ड न बघता फोनवर कार्डाचा भाव सांगणारे आपल्यात आजही कमी नाहीत.

सरकारी बाजूने बघावे तर अजब परिस्थिती आहे. आवेष्टित वस्तूंचे २०११चे वैधमापन नियम सांगतात की बॉक्सवर आयातदाराचे नाव-पत्ता हवा, मूळ देश हवा, महिना-वर्ष हवे, सर्व करांसह कमाल किंमत हवी, तक्रारीसाठी संपर्क हवा. आयात कार्डाच्या बॉक्सवर हे सगळे सांगणारा पांढरा स्टिकर चिकटवलेला असतो, आणि कित्येकदा तो मेमरीच्या प्रकारावरच येऊन बसलेला दिसतो. आत डीडीआर४ आहे की जीडीडीआर५, बस ६४ बिटांची की १२८, कोअर किती, यांतले काहीही छापणे बंधनकारक नाही. नियम पूर्ण पाळलेला बॉक्स गिऱ्हाइकाला खऱ्या वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. जीएसटी बिलाचे तसेच. मालाचे वर्णन हवे, एचएसएन हवा, पण वर्णन किती नेमके असावे याला बंधन नाही. सरकारला हे जमत नाही असेही नाही. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल सक्तीचे आहे आणि त्यावर त्या ठरावीक मॉडेलचे आकडे छापावे लागतात. एसीला जे जमते ते ग्राफिक्स कार्डाला का जमू नये? चार ओळींचे लेबल पुरेल: चिपचे नाव, कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार व बस, आणि कार्डाला लागणारे वॉट. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे ही मागणी व्यापारी संघटनांनी रेटायला हवी होती. त्यांच्या निवेदनांत कराचे दर असतात, रिटर्नच्या तारखा असतात. माल नेमका काय आहे, याबद्दल एक ओळ नसते.

पण लेबल येईपर्यंत थांबायचे का? काही सभासद म्हणतात, गिऱ्हाईक विचारते तेवढेच सांगावे. त्याला जीबी आणि भाव यापलीकडे कळत नाही. त्याला कळत नाही म्हणूनच तो लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीला येतो, आणि तालुक्याच्या गावी तर तुमच्याशिवाय त्याला विचारायला कोणी नसते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी बिलावर सगळे लिहिले आणि शेजारच्याने नुसते ‘४ जीबी’ लिहून हजार रुपये कमी सांगितले, तर धंदा त्याचा होतो. हे घडते, आम्ही नाकारत नाही. मात्र आज शेजारी ज्या हजारावर जिंकतो तो हजार डीडीआर४ आणि जीडीडीआर५मधला आहे. कोटेशनवर फरक लिहिलेला नसेल तर गिऱ्हाईक दोन भावांची तुलना करते. लिहिलेला असेल तर दोन कार्डांची. न लिहिण्याचा फायदा हलका माल विकणाऱ्याला होतो, तुम्हाला नाही. तिसरे म्हणणे वितरकांबद्दलचे: त्यांच्याच बिलावर तुटक नाव असते, आम्ही आणखी काय लिहिणार? पार्ट नंबर लिहा. प्रत्येक आवृत्तीचा पार्ट नंबर वेगळा असतो, तो बॉक्सवर बारकोडजवळ छापलेला असतो. ऑर्डर देताना नावाऐवजी पार्ट नंबर द्या आणि तोच बिलावर मागा. जो वितरक तो देत नाही, त्याला आपल्या गोदामात काय पडून आहे हे तरी माहीत नाही किंवा सांगायचे नाही; दोन्ही प्रकारांत त्याच्याकडून उधारीवर माल उचलणे धोक्याचे आहे.

धोका कायद्याचाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)नुसार वस्तू अमुक दर्जाची, प्रतीची किंवा मॉडेलची असल्याचे खोटे भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणेही त्याच कलमात बसते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात कागद तुमच्या दुकानाचा असतो, चिप बनवणाऱ्याचा नसतो. ‘मलाही तसेच मिळाले’ हा बचाव तुमच्याजवळ पार्ट नंबर आणि सिरियल नंबर असला तरच उभा राहतो. आणि वॉरंटीच्या काउंटरवर, जिथून या तक्रारी सुरू झाल्या, तिथे तर तो एकच कागद बोलतो. बिलावर ‘जीडीडीआर५, ६४ बिट’ असते, तर डीडीआर४चे कार्ड हातात ठेवणाऱ्याला उत्तर द्यावे लागले असते.

सेकंडहँड मालाबाबत तर सबब चालणारच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर वापरून थकलेली कार्डे बाजारात लोटली, त्यांत २३०४ ऐवजी २०४८ प्रोसेसरची आरएक्स ५८० मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यापलीकडे जीटीएस ४५०सारख्या पुराण्या कार्डाचे बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकणारेही आहेत. ओळखायला जीपीयू-झेड पुरते. ते फुकट आहे, इन्स्टॉलही करावे लागत नाही, आणि बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखून नावापुढे तसे लिहून दाखवण्याची सोय त्यात २०१८ पासून आहे. एवढे करायला एक मिनिट लागते. ज्याला तेही जड वाटते त्याने जुनी कार्डे विकू नयेत.

एसएमपीएसचा विषय खरा तर स्वतंत्र लेखाचा, पण रोग तोच असल्याने इथे दोन वाक्ये. स्टिकरवर ‘४५० वॉट’ छापलेल्या लोकल एसएमपीएसवर मोलेक्सचा कन्व्हर्टर लावून १३२ वॉटचे आरएक्स ६६०० चालवून देणाऱ्यांनी १२ व्होल्ट रेलचे अँपिअर एकदा वाचावेत. नुसत्या कार्डालाच अकरा लागतात, प्रोसेसरचे वेगळे. अपग्रेडच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसची ओळ नसेल तर ते कोटेशन अपुरे आहे.

तेव्हा मित्रहो, पुढचे बिल फाडण्यापासूनच सुरुवात करा. चिपचे पूर्ण नाव, मेमरी किती आणि कोणती, बस किती बिट, पार्ट नंबर, सिरियल नंबर. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेडच्या पहिल्या पानाची प्रिंट बिलाला टाचा आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. वॉरंटीत कार्ड बदलून आले की काउंटर सोडण्यापूर्वी पार्ट नंबर ताडून बघा, जुळत नसेल तर जॉबशीटवर लिहूनच ते स्वीकारा. वितरकांना आपापल्या लेटरहेडवर पत्र पाठवा की एक तारखेपासून पार्ट नंबर नसलेले बिल आम्ही घेणार नाही. एकट्याने पाठवले तर ते केराच्या टोपलीत जाईल, म्हणून एका गल्लीतल्या, एका गावातल्या सगळ्यांनी मिळून पाठवा. ज्यांना वॉरंटीत हलके कार्ड मिळाले आहे त्यांनी जुन्या बिलाची आणि जॉबशीटची प्रत, गिऱ्हाइकाचे नाव झाकून, आमच्याकडे धाडावी. त्या प्रती एकत्र करून लेबलच्या मागणीसह ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. बिलाचा आणि पत्राचा नमुना पुढच्या अंकात मधल्या पानावर येईल. त्यात काही सुटले आहे असे वाटत असेल तर या महिन्याच्या २० तारखेच्या आत कळवा, म्हणजे छपाईपूर्वी दुरुस्ती करता येईल.