आधी विचारा, मग सुधारा



लेखाची सुरुवात एका कोड्याने करू या. डोंगरउतारावर दोन शेतकरी आहेत. एकाचे भातखाचर वर आहे, दुसऱ्याचे खाली. पाट एकच. पाणी आधी वरच्याच्या खाचरात शिरते आणि उरले तर खालच्याला मिळते. लावणीच्या दिवसांत दोघांनाही एकाच वेळी पाणी हवे असते, पण पाटाला तेवढे पाणी नसते. मग वरच्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याचे थोडे पाणी खालच्यासाठी का सोडावे?

“तो सज्जन आहे म्हणून!” असे तुम्ही म्हणाल. या उत्तराला मी निम्मेच गुण देईन. सज्जनपणा ही फार चांगली गोष्ट आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या, शेकडो वर्षे, केवळ सज्जनपणाच्या भरवशावर पाण्याची वाटणी सुरळीत चालेल, यावर माझा विश्वास नाही. पूर्ण उत्तर शोधायचे तर आपल्याला समुद्र ओलांडून इंडोनेशियातल्या एका खेड्यात जावे लागेल.

जावा बेटाच्या पूर्वेला बाली नावाचे लहानसे बेट आहे. त्याच्या ताबानान जिल्ह्यात, बातुकारू या २,२७६ मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वताच्या दक्षिण उतारावर जातिलुवीह हे गाव वसले आहे. गावाभोवती जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. तुमच्यापैकी जे कोकणातले किंवा मावळातले असतील, त्यांना ते दृश्य ओळखीचे वाटेल. येथे अजूनही उंच वाढणारा, तांबड्या दाण्याचा देशी भात पिकवतात. नव्या जाती सुमारे चार महिन्यांत तयार होतात. या भाताला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

पाण्याची पंचायत

बालीतील नद्या खोल घळींतून वाहतात. त्यांचे पाणी शेतापर्यंत आणायचे, तर वरच्या अंगाला बंधारा घालून पाट काढावा लागतो. कित्येक ठिकाणी तर डोंगराच्या पोटातून बोगदा खणावा लागतो. असे बोगदे तेथील शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी हाताने खणले आहेत. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून एका पाटावर भिजणाऱ्या सर्व शेतकऱ्यांचा मिळून एक संघ असतो. त्याला ‘सुबाक’ म्हणतात. ही पद्धत नवव्या शतकापासून चालत आली आहे. सुबाकाची हद्द गावाच्या शिवेवरून ठरत नाही, ती पाण्यावरून ठरते. ज्यांचे पाणी एक, त्यांचा सुबाक एक. पाट फुटतो तेथे खाचा पाडलेला लाकडी ओंडका आडवा बसवतात. ज्या खाचेची रुंदी जास्त, त्या वाटेने पाणी जास्त. नदीला पाणी थोडे असो वा पुष्कळ, वाटणीचे प्रमाण तेच राहते. मोजमापाचे हे किती सोपे साधन!

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. बालीतील बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि तेथे पाण्याचीही देवळे आहेत. शेताच्या कोपऱ्यात, जेथे पाणी आत शिरते तेथे, छोटेसे देवस्थान असते. बंधाऱ्यापाशी त्याहून मोठे देऊळ असते. सर्वांत वर, बातूर ज्वालामुखीच्या मुखातील सरोवराच्या देवीचे मोठे मंदिर आहे. एका देवळाशी जोडलेल्या अनेक सुबाकांचे शेतकरी तेथे जमतात आणि कोणी केव्हा लावणी करायची, कोणी केव्हा शेत कोरडे सोडायचे, हे एकत्र बसून ठरवतात. पूजा-नैवेद्य तर होतोच. पण त्याबरोबर साऱ्या खोऱ्याचे शेतीचे वेळापत्रकही तेथेच तयार होते.

बाहेरून आलेल्या माणसाला यांतले काय दिसेल? नैवेद्य दिसेल. वेळापत्रक दिसणार नाही. येथेच पुढच्या गोष्टीचे मूळ आहे.

नवे बियाणे आले

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली ‘आयआर-८’ ही ठेंगणी, भरघोस उत्पन्न देणारी जात प्रसृत केली. तिच्या जनक वाणांपैकी ‘पेटा’ हा वाण मूळचा इंडोनेशियातलाच. लोकसंख्या वाढत होती, तांदूळ पुरत नव्हता, परदेशांतून आणावा लागत होता. तेव्हा सरकारने नवे बियाणे, रासायनिक खते आणि कीटकनाशके गावोगाव पोचवण्याची मोहीम काढली, यात गैर काहीच नव्हते. भुकेल्या देशाने दुसरे काय करावे?

पण बियाण्याबरोबर आणखी एक सल्ला आला. ‘हा भात लवकर तयार होतो. मग देवळाच्या वेळापत्रकासाठी थांबता कशाला? पीक निघाले की लगेच पुढची लावणी करा. वर्षात जितकी पिके निघतील तितकी काढा.’ कागदावर हिशोब अगदी बरोबर दिसत होता. दोन पिकांपेक्षा तीन पिके केव्हाही जास्तच! १९७०च्या दशकात दक्षिण बालीतील बहुतेक खाचरांत नवे भात आले आणि जो तो आपापल्या सोयीने लावणी करू लागला.

पहिली काही पिके चांगली आली. त्यानंतर मात्र पाण्याच्या पाळ्यांचा गोंधळ उडाला आणि त्याच्या पाठोपाठ कीड आली. तपकिरी तुडतुडे हे त्यांतले सर्वांत वाईट. आपल्याकडील भातशेतकऱ्यांनाही हा शत्रू चांगलाच ठाऊक आहे. हा किडा भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो आणि हिरवे शेत जळाल्यासारखे करून टाकतो. आयआर-८ला त्याच्यापुढे टिकाव धरता आला नाही. १९७६-७७च्या सुमारास इंडोनेशियात लाखो टन तांदूळ या किडीने खाल्ला. मग तुडतुड्याला दाद न देणारी ‘आयआर-३६’ ही जात आली. तर तिच्यावर टुंग्रो या विषाणुरोगाने हल्ला चढवला. फवारे वाढले. परंतु फवाऱ्याने तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटकही मरत, आणि मागे राहिलेल्या तुडतुड्यांना रान मोकळे मिळे. औषध वाढले तशी कीडही वाढली.

हे नुकसान कुणाच्या माथी बसले? बियाणे सुचवणाऱ्याच्या नव्हे, हिशोब मांडणाऱ्याच्याही नव्हे. ज्याच्या घरची कणगी रिकामी राहिली, त्या शेतकऱ्याच्या.

कोड्याचे उत्तर

आता कोड्याकडे वळू. तुडतुड्याची एक पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते आणि तो वाऱ्याबरोबर शेताशेतांतून फिरतो. एक शेत कापले की तो शेजारच्या हिरव्या शेतात जातो. ते कापले की त्याच्या पलीकडच्या. सगळीकडे वेगवेगळ्या वेळी लावणी झालेली असेल, तर त्याला बारा महिने जेवणाचे ताट वाढलेले! उलट, शेकडो हेक्टरांतली शेते एकाच वेळी कापली गेली आणि एकदमच पडीक राहिली, तर किडीची उपासमार होते. एका शेतकऱ्याने आपले शेत पडीक ठेवून काही होत नाही. सगळ्यांनी मिळून ठेवावे लागते.

वरच्या शेतकऱ्याने पाणी सोडले नाही, तर खालच्याची लावणी मागे पडते. दोघांची पिके निरनिराळ्या वेळी उभी राहतात आणि खालच्या शेतातली कीड वर चढते. म्हणजे खालच्याला धास्ती पाण्याची आणि वरच्याला धास्ती किडीची! थोडे पाणी सोडून वरचा शेतकरी कीडमुक्त शेत मिळवतो. सज्जनपणाला असा चोख हिशोबाचा आधार आहे, म्हणून ही रीत टिकली.

मग साऱ्या खोऱ्यानेच एका दिवशी लावणी का करू नये? तसे केले तर सर्वांना एकदम पाणी लागेल आणि नदी पुरी पडणार नाही. म्हणजे गट फार लहान असला तर कीड माजते, फार मोठा असला तर पाणी संपते. योग्य आकार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे. पण कोठे?

हा प्रश्न स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने घेतला. त्याने जेम्स क्रेमर या परिसंस्थांच्या अभ्यासकाला बरोबर घेऊन १९८०च्या दशकात ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरील १७२ सुबाकांचे गणिती प्रतिरूप संगणकावर उभे केले. (या नद्या जातिलुवीहच्या पूर्वेकडील खोऱ्यांत आहेत, पण सुबाकाची रीत तीच.) पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची वाढ, किडीची वाढ, सारे त्यात घातले. मग प्रत्येक सुबाक स्वतंत्र वागला तर काय होईल, सर्व एकदम वागले तर काय होईल, अशा निरनिराळ्या गटांचे उत्पन्न काढून पाहिले. सर्वांत चांगले उत्पन्न कोठे आले असेल? जे गट पाण्याच्या देवळांनी प्रत्यक्षात बांधलेले होते, जवळजवळ त्याच आकाराच्या गटांत!

पुढे त्यांनी आणखी एक गंमत केली. संगणकातील सुबाकांना देवळांची माहितीच दिली नाही. ‘शेजाऱ्यांपैकी ज्याचे पीक सर्वांत चांगले, त्याचे वेळापत्रक उचला’ एवढाच नियम घालून दिला. थोड्याच वर्षांच्या हिशोबात त्या सुबाकांचे आपोआप गट पडले, आणि ते देवळांच्या जाळ्यासारखेच दिसू लागले. कोणा एका बुद्धिमान राजाने ही रचना आखलेली असलीच पाहिजे, असे नाही. शेजाऱ्याचे शेत डोळसपणे पाहत पाहत ती घडत जाऊ शकते.

बालीतील पाटबंधाऱ्यांच्या सुधारणेसाठी १९७९पासून आशियाई विकास बँकेच्या कर्जावर मोठी योजना राबवली गेली होती. पारंपरिक व्यवस्थेचे गुण ओळखले न गेल्याची मोठी किंमत मोजावी लागली, हे १९८८ साली त्या बँकेच्याच मूल्यमापनात मान्य झाले.

माझे म्हणणे

या गोष्टीचे तात्पर्य ‘जुने ते सोने’ असे कोणी काढील. मला ते मान्य नाही. नव्या बियाण्यांनी आणि सिंचनाने इंडोनेशियाचे उत्पन्न खरोखरच वाढले. १९८४ साली तो देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला, हे विसरून चालणार नाही. आणि प्रत्येक जुन्या रूढीच्या पोटात शास्त्र दडलेले असते, असेही नाही. कित्येक रूढी निव्वळ निरुपयोगी असतात, काही तर घातक असतात. देवळांचे वेळापत्रक चांगले ठरले ते जुने आहे म्हणून नव्हे, तर तपासणीत उतरले म्हणून. ते उतरले नसते, तर तसेही स्पष्ट सांगावे लागले असते.

माझे म्हणणे एवढेच, की तपासणी आधी व्हायला हवी होती. प्रयोगशाळेत एखादी काच काढण्यापूर्वी ती तेथे कशासाठी लावली आहे, हे तुम्ही विचारता ना? मग हजार वर्षे चाललेली व्यवस्था मोडण्यापूर्वी ‘ही येथे काय काम करते?’ असे विचारायला नको का? नैवेद्य पाहून ‘ही अंधश्रद्धा’ म्हणणारा आणि तोच नैवेद्य पाहून ‘हे आमचे थोर शास्त्र’ म्हणणारा, दोघांनीही मोजमाप केलेले नसते. दोघेही सारखेच अवैज्ञानिक.

इंडोनेशियाने पुढे हा धडा घेतला. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी झाली. कीटकनाशकांसाठी मिळणारे सरकारी अनुदानही १९८९पर्यंत बंद करण्यात आले. त्याच वर्षापासून शेतकऱ्यांसाठी शेताच्या बांधावरच शाळा भरू लागल्या. तेथे शेतकरी रोपाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे किती आणि कोळी किती हे मोजत, आणि फवारा मारायचा की नाही ते स्वतः ठरवत. ज्याच्या हातात शेत, त्याच्याच हातात प्रयोग! शेतीविज्ञानाचे याहून सुंदर रूप मला माहीत नाही.

जातिलुवीहसह बालीतील पाच ठिकाणची खाचरे आणि त्यांची पाण्याची देवळे, असा १९,५०० हेक्टरांचा प्रदेश २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. देशोदेशींचे प्रवासी ही खाचरे पाहायला येतात. पण प्रवासी आले की हॉटेले येतात. हॉटेलांना जमीन लागते आणि पाणीही लागते. बालीत भातशेती हटून त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. सुबाकाचे गणित आपण आता समजलो आहोत, हे लक्षात घ्या. मधलीच काही शेते गेली, तर पाट तुटतो, गट मोडतो आणि उरलेल्यांचेही वेळापत्रक विसकटते. छायाचित्रात हिरव्या पायऱ्या दिसतात. त्यांना धरून ठेवणारा समझोता दिसत नाही. जपायचा आहे तो समझोता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी कृषी अधिकारी, कोणी संशोधक. एखाद्या खेड्यात तुम्ही नवी योजना घेऊन जाल. जरूर जा, गावांना नव्याची गरज आहे. परंतु पिशवीतून नकाशा काढण्यापूर्वी बांधावर बसलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारा. तुम्ही हे कसे करता? कोणाला विचारून करता? आणि हे बंद केले तर प्रथम कोणाचे नुकसान होईल? मिळालेली उत्तरे खरी धरून चालू नका, खोटीही धरू नका. वहीत टिपा आणि तपासा.

हा सराव आजपासूनच करता येईल. तुमच्या गावात, वाडीत किंवा चाळीत पाण्याची पाळी कोण ठरवते? नियम कोणता आहे? तो मोडला तर काय होते? महिनाभर निरीक्षण करून पाहा. तुमच्या नळापाशीही एखादे जातिलुवीह सापडेल.